नट फिरला म्हणजे आटे जुळले, असं नसतं

प्रश्न थोडक्यात असा: निफाडकडे द्राक्षबाग आहे. ब्लोअर (फवारणीचं पंख्याचं यंत्र), ट्रॅक्टर आणि जुना पंप यांचे काढलेले नट-बोल्ट आणि अंबड-सातपूर लिंक रोडकडच्या भंगारातून किलोवर आणलेला माल, सगळं एकाच डब्यात पडलंय. दिसायला बोल्ट सारखेच. पण एकावर नट सरळ जातो, दुसऱ्यावर दोन फेऱ्यांत अडकतो, तिसऱ्यावर जातो पण खुळखुळतो. कोणता कशाचा ते ओळखायचं कसं?

ओळखायला चार गोष्टी बघायच्या, आणि याच क्रमाने: बाहेरची जाडी, पिच (म्हणजे लगतच्या दोन आट्यांच्या माथ्यांमधलं अंतर), आट्याचा कोन, आणि डोक्यावरची खूण. पहिल्या दोन बघितल्या की बहुतेक डबा वेगळा होतो. तिसरी फार थोड्या ठिकाणी लागते. चौथीने आटे कळत नाहीत, पण तो बोल्ट त्या जागी लावण्याच्या लायकीचा आहे का ते कळतं. नट लावून बघणं हे सगळ्यात शेवटी. लोक सुरुवातच तिथून करतात आणि तिथेच फसतात.

पहिला गोंधळ दुकानातच सुरू होतो. देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली, पण हार्डवेअरच्या काउंटरवर आजही सूतच चालतं. एक सूत म्हणजे १/८ इंच. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत ५/१६, तीन सूत ३/८, चार सूत अर्धा इंच, पाच सूत ५/८, सहा सूत पाऊण इंच. इथवर ठीक आहे. अडचण अशी की १० मिमीच्या सळईलाही तीन सूत म्हणतात, १२ मिमीला चार सूत, २० मिमीला सहा सूत. सळई काँक्रीटमध्ये जाते, तिला हा फरक चालतो. बोल्टला चालत नाही. ‘तीन सूतचा बोल्ट द्या’ म्हटलं की एका दुकानात ३/८ व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचा, मिळतो आणि शेजारच्या दुकानात एम१०, म्हणजे १० मिमीचा मेट्रिक. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, फक्त तुमचा नट बसत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. एक व्हर्नियर, साधा चालेल. एक पिच गेज, म्हणजे आट्यात बसवून बघायच्या दातेरी पात्यांचा संच, पण त्यात मेट्रिक ६०° आणि व्हिटवर्थ ५५° अशा दोन्ही पात्यांचे संच हवेत. नुसता मेट्रिक संच घेतला तर अर्धं काम अडतं. तारेचा ब्रश, थोडं डिझेल. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे ओळखीच्या, नव्या बोल्टांची एक माळ: एम६, एम८, एम१०, एम१२, एम१६, एम२० आणि १/४, ५/१६, ३/८, १/२, ५/८, ३/४. प्रत्येकाचा एक बोल्ट, त्यावर त्याचाच नट, आणि तारेत ओवून वर चिठ्ठी. हा नमुना-संच वर्कशॉपमध्ये ठेवला की निम्मे वाद मिटतात.

मोजण्याआधी आटे घासून घ्या. आट्यात बसलेला गंज, रंग आणि वाळलेली फवारणी व्हर्नियरला ०.२-०.३ मिमी सहज फसवतात. मग व्हर्नियरच्या जबड्याची सपाट बाजू आट्यांच्या माथ्यावर धरून जाडी घ्या. धारदार टोक आट्यात घुसलं तर आकडा कमी येतो. बोल्ट नेहमी नावापेक्षा जरा कमी भरतो, हे पक्कं लक्षात ठेवा. एम१० चा चांगला बोल्ट साधारण ९.७३ ते ९.९७ मिमीमध्ये येतो, एम१२ हा ११.७० ते ११.९७, एम२० हा १९.६२ ते १९.९६. बरोबर १०.०० आला नाही म्हणून तो मेट्रिक नाही असं समजू नका. उलट ९.५ च्या आत आला तर मात्र थांबा, तो ३/८ असण्याचा संभव जास्त.

पिच मोजताना एकच आटा मोजू नका, चूक मोठी होते. दहा आट्यांचं अंतर घ्या: एका माथ्यावर शून्य धरा, तिथून दहावा माथा मोजा, अंतराला दहाने भागा. अंतर १५.० मिमी आलं तर पिच १.५. अंतर १५.९ आलं तर पिच १.५९, म्हणजे इंचाला १६ आटे. पिचवरून इंची हिशेब काढायचा असेल तर २५.४ ला पिचने भागायचं. बोल्ट आखूड असून दहा आटे मिळत नसतील तर पाच घ्या, पण मग व्हर्नियर जपून धरा.

गेज जवळ नसेल तर सोपी युक्ती आहे. ओळखीचा बोल्ट आणि अनोळखी बोल्ट आडवे एकमेकांवर ठेवा, आट्यात आटा बसवा आणि उजेडाकडे धरा. पूर्ण लांबीभर कुठेही फट दिसली नाही तर पिच एकच. एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाकडे हळूहळू एकमेकांवर चढतात, तर पिच वेगळा. ३/८ आणि एम१० असे धरून बघा: दर आट्याला ०.०९ मिमीचा फरक आहे, दहाव्या आट्यापर्यंत तो ०.९ मिमी होतो आणि डोळ्याला ढळढळीत दिसतो. हीच गोष्ट नटाच्या आत घडते, फक्त तिथे ती दिसत नाही.

आता रोजच्या कामातले आकडे. मेट्रिकचे सर्वसाधारण, म्हणजे जाड आटे असे: एम५ ला ०.८, एम६ ला १.०, एम८ ला १.२५, एम१० ला १.५, एम१२ ला १.७५, एम१४ आणि एम१६ ला २.०, एम२० ला २.५, एम२४ ला ३.०. दुकानात नुसतं ‘एम१०’ म्हटलं की हाच मिळतो. इंची मापात व्हिटवर्थचे आटे पाव इंचाला २०, ५/१६ ला १८, ३/८ ला १६, अर्ध्याला १२, ५/८ ला ११, पाऊणला १०. अमेरिकन जाड आटे, म्हणजे यूएनसी, यांचेही हेच आकडे आहेत, फक्त अर्ध्या इंचाला १३. बारीक यूएनएफ: १/४ ला २८, ५/१६ आणि ३/८ दोन्हींना २४, ७/१६ आणि १/२ ला २०, ५/८ ला १८, ३/४ ला १६.

व्हिटवर्थचा कोन ५५° आणि माथा-तळ गोलसर. यूएनसी आणि मेट्रिकचा कोन ६०°. व्हिटवर्थ १८४१ मधला आहे. ६०° चे युनिफाइड आटे ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने मिळून १९४८ मध्ये ठरवले. त्यामुळे त्याआधीच्या ब्रिटिश रचनेच्या मशिनवर, आणि त्या रचना पुढे तशाच बनत राहिल्या त्या मशिनवर, व्हिटवर्थ सापडतो. आपल्याकडच्या जुन्या लेथ, ड्रिल मशीन, पिठाच्या गिरण्या, ऑइल इंजिन यांवर तोच मिळतो.

कोन डोळ्याने ओळखता येतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पिच गेजची ५५° आणि ६०° अशी दोन्ही पाती एकामागून एक लावायची आणि मागे उजेड धरायचा. चुकीचं पातं आट्याच्या तळाशी किंवा माथ्याशी बारीक उजेड सोडतं. ३/८ व्हिटवर्थ बोल्टवर यूएनसी नट जातो, आणि हलक्या कामाला, उदाहरणार्थ पत्र्याच्या कव्हरला, चालतोही. पण दोन्ही आट्यांच्या उतारांचा संपर्क पूर्ण नसतो, त्यामुळे भार आणि हादरे जिथे आहेत तिथे तो सैल होत राहणार. कव्हर सोडून कुठेही ही जोडी लावू नये.

खरे घातक जोड थोडेच आहेत, पण ते नीट समजून घ्यायला हवेत.

सगळ्यात वाईट म्हणजे पाऊण इंच आणि एम२०. पाऊण इंचाचा पिच २.५४ मिमी, एम२० चा २.५०. फरक दर आट्याला ०.०४ मिमी, म्हणून पिच गेजचं पातं दोन्हींवर जवळजवळ बसल्यासारखं दिसतं. एम२० चा नट पाऊण इंचाच्या बोल्टवर हाताने पूर्ण जातो, अडकतच नाही. म्हणजे ‘नट जातो का’ ही परीक्षा इथे पास. पण बोल्ट जेमतेम १९ मिमीचा आणि नटाच्या आतल्या आट्यांचं भोक साडेसतराच्या आसपास, त्यामुळे आटा आट्यात शिरतो तो जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त खोल. पान्याने आवळताना आधी घट्ट झाल्यासारखा वाटतो, मग एकदम मोकळा होतो आणि आटे सोलून निघतात. किंवा आवळताना टिकतो आणि भार आल्यावर सुटतो, ते जास्त वाईट. फाउंडेशन बोल्टचे नट हरवले म्हणून ‘सहा सूतचे’ नवे नट आणून लावताना हे हमखास होतं. इथे पिच बघून निकाल लागत नाही, जाडी बघून लागतो: १९ च्या आसपास की १९.६ च्या वर, एवढंच.

एम१० आणि ३/८ चंही तसंच, जरा कमी. ३/८ चा बोल्ट एम१० च्या नटात काही फेरे जातो, खुळखुळतो, मग पिचचा फरक साठून जाम होतो. त्या जाम होण्यालाच लोक ‘टाइट झाला’ समजतात. डब्यातला तिसऱ्या प्रकारचा, खुळखुळणारा नट बहुधा हाच.

दोन फेऱ्यांत अडकणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे अर्धा इंच १२ आटे आणि अर्धा इंच १३ आटे. दुकानातला ‘चार सूत’ बहुतेक १२ चा व्हिटवर्थ असतो. अमेरिकन रचनेच्या कॉम्प्रेसरचा किंवा ट्रॅक्टरचा अर्धा इंच १३ चा. जाडी सारखीच, म्हणून व्हर्नियरने कळत नाही. दहा आटे मोजा: २१.२ मिमी आले तर १२ चा, १९.५ आले तर १३ चा. दुसरा प्रकार म्हणजे एकाच जाडीचे जाड आणि बारीक मेट्रिक आटे. एम१२ एकटाच तीन पिचमध्ये येतो: १.७५, १.५ आणि १.२५. एम१० हा १.५, १.२५ आणि १.० मध्ये. एम१४ हा २.० आणि १.५ मध्ये, शिवाय पेट्रोल इंजिनाच्या १४ मिमीच्या स्पार्क प्लगचे आटे १.२५ चे. प्लगच्या भोकात ‘आटे साफ करायला’ एम१४ × १.५ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घातला की ते हेड गेलं समजा. चाकाच्या नटांतही हाच फरक: मारुती सुझुकीच्या गाड्यांना एम१२ × १.२५, टोयोटा, होंडा, ह्युंदाईच्या गाड्यांना एम१२ × १.५. एकमेकांवर दीड-दोन फेरे जातात, पुढे न्यूमॅटिक गन लावली की स्टडचेच आटे गेले.

पान्यावरून माप ओळखायची सवय सोडा. १९ नंबरचा पाना एम१२ च्या डोक्याला बसतो आणि अर्धा इंच यूएनसीच्या डोक्यालाही, कारण ते डोकं पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी असतं. १३ चा पाना एम८ ला बसतो आणि ५/१६ यूएनसीलाही जरा ढिला बसतो. त्यात मेट्रिकचीही दोन घराणी आहेत: जुन्या जर्मन धाटणीने एम१० ला १७ आणि एम१२ ला १९ चं डोकं, नव्या आयएसओप्रमाणे १६ आणि १८, आणि जपानी गाड्यांवर एम८ ला १२, एम१० ला १४, एम१२ ला १७. व्हिटवर्थच्या जुन्या पान्यांवर तर आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नसतो. एवढ्या घोळात पान्याने काही सिद्ध होत नाही.

तुमच्या डब्यापुरता अंदाज असा धरा. ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन किंवा इंटरनॅशनलच्या जुन्या रचनेचा असेल तर त्याचे बोल्ट आधी यूएनसी-यूएनएफ गृहीत धरून तपासा. नवीन ट्रॅक्टरवर मेट्रिक. जुन्या बुलेटवर व्हिटवर्थ घराण्याचे जाड-बारीक आटे आणि शिवाय इंचाला २६ चे सायकलचे आटे असे मिश्रण सापडतं. ब्लोअरच्या फ्रेमवर बहुतेक मेट्रिक, पण गावात वेल्डिंग करून जोडलेल्या भागांवर चार सूत, पाच सूत हमखास. हा अंदाजच आहे. मागच्या मालकाने काय ठोकलंय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पाइपाचे आटे हे वेगळंच गणित. इथे नाव बाहेरच्या जाडीचं नसतं. अर्धा इंच बीएसपीचा (ब्रिटिश पाइप आट्यांचा) बाहेरचा व्यास २०.९६ मिमी, पाऊणचा २६.४४, एक इंचाचा ३३.२५, पाव इंचाचा १३.१६. त्यामुळे व्हर्नियरवर २१ दिसलं की लोक एम२० आणि एम२२ शोधत बसतात. आटे मोजा: १/४ आणि ३/८ ला इंचाला १९, १/२ आणि ३/४ ला १४, एक इंच आणि त्यापुढे ११. ठिबकचे व्हॉल्व्ह, फिल्टर, घरातले नळ हे सगळे बीएसपी. अमेरिकन मशिनवर एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइप आटा, असतो. त्याचा कोन ६०°, आणि अर्धा व पाऊण इंचालाही तेच १४ आटे. म्हणून एनपीटीचा निपल बीएसपी सॉकेटमध्ये तीन फेरे छान जातो आणि मग थेंब-थेंब गळतो. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे दिले तरी गळतो, कारण फट टेपने भरायची नाहीये, आट्याचा आकारच जुळत नाही. पाव इंचाला मात्र सुटका आहे: बीएसपी १९, एनपीटी १८, दोन फेऱ्यांत अडकून लगेच कळतं.

बीएसपीतही दोन जाती. निमुळता आट्यातच आवळून बंद होतो, त्यावर टेप किंवा सुतळी लागते. सरळ हा वॉशरवर बंद होतो. हायड्रॉलिकमध्ये डाउटी वॉशर (धातूच्या कड्यात रबर बसवलेला) असतो, त्याच्या आट्यांना टेप गुंडाळायचीच नाही. व्हर्नियरने टोकाला आणि मागे असं दोनदा मोजलं की निमुळता कळतो: दर १६ मिमीला १ मिमी व्यास वाढतो. वाइनरीतल्या टाक्यांच्या युनियनवर (पाइप जोडायच्या मोठ्या नटाच्या जोडावर) जाड गोल आटे दिसतात, इंचाला सहा. ते डेअरी युनियन; त्यांचा पाइपाच्या आट्यांशी काही संबंध नाही, तिथे युनियनचाच जोड मागवावा.

उलटे आटे विसरू नका. ट्रॅक्टरच्या टॉप लिंकचं एक टोक उलट्या आट्याचं असतं, मांडवाच्या तारा ओढायच्या टर्नबकलचंही. ग्रासकटरच्या पात्याचा नट, बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट, टेबल फॅनच्या पात्यापुढची चाकी, सायकलचं डावं पेडल, अ‍ॅसिटिलीनच्या नळीचा नट, सगळे उलटे. बोल्ट उभा धरा. समोर दिसणारे आटे उजवीकडे वर चढत असतील तर सरळ, डावीकडे वर चढत असतील तर उलटे. उलट्या आट्याच्या षट्कोनी नटाच्या कडांवर बरेचदा मधोमध खाच असते. ती दिसली की आधी थांबा.

स्क्रूंबद्दल थोडक्यात, कारण ते टोकावरूनच ओळखू येतात. टोक अणकुचीदार, आटे विरळ आणि वर गुळगुळीत दांडा, तो लाकडाचा. आटे थेट डोक्यापर्यंत आणि कडक पोलाद, तो पत्र्याचा सेल्फ टॅपिंग. सहा नंबर ३.५ मिमी, आठ ४.२, दहा ४.८, बारा ५.५, चौदा ६.३. टोकाला ड्रिलसारखी धार, तो सेल्फ ड्रिलिंग. शेडच्या पत्र्याला लागतो तो बहुधा ५.५ मिमीचा, रबरी वॉशरसकट. टोक सपाट आणि आटे एकसारखे बारीक, तो मशीन स्क्रू. त्याला बोल्टसारखंच मोजा. चौकोनी किंवा समलंब आटे दिसले तर तो फास्टनर नाही, व्हाइस किंवा जॅकचा स्क्रू आहे, डब्यातून बाहेर काढा.

आता डोक्यावरच्या खुणा. मेट्रिक बोल्टवर ४.६, ४.८, ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की मेगापास्कलमध्ये ताणाची ताकद, दोन्ही आकड्यांचा गुणाकार गुणिले दहा केला की ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबतो तो. म्हणजे ८.८ ला ८०० आणि ६४०. इंची बोल्टवर आकडा नसतो, रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या पंगतीतला. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ सारखा. डोक्यावर काहीच नसेल तर तो साधा एमएस (मऊ पोलादाचा) समजा, दुकानदार कितीही ‘एचटी (जास्त ताकदीचा) आहे’ म्हणाला तरी. रंगावरून काही ठरत नाही. काळा आहे म्हणजे एचटी, पिवळा आहे म्हणजे भारी, हे निव्वळ बाजारातलं बोलणं आहे.

नटावरही आकडा असतो, ८ किंवा १०. तो बोल्टच्या पहिल्या आकड्यापेक्षा कमी नको. १०.९ च्या बोल्टवर साधा नट लावला तर बोल्ट शाबूत राहून नटाचे आटे जातात, आणि ते बाहेरून दिसत नाही. उलट जिथे साधा बोल्ट होता तिथे ‘मजबूत’ म्हणून १२.९ चा अ‍ॅलन (डोक्यात षट्कोनी खाच असलेला बोल्ट) घालणंही नेहमी शहाणपणाचं नसतं: रोटाव्हेटर किंवा कुट्टी मशीनचा शिअर बोल्ट मुद्दाम तुटायसाठीच दिलेला असतो. तो तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटतो. शिवाय १२.९ वर साधं इलेक्ट्रोप्लेटिंग केलेलं असेल तर हायड्रोजन शिरून तो काही तासांनी किंवा दिवसांनी, भार न वाढताही, अचानक तुटू शकतो. गोल टोपीच्या आणि काउंटरसंक (डोकं मालात बुडणाऱ्या) अ‍ॅलनवर १०.९ लिहिलेलं असलं तरी डोक्याच्या आकारामुळे ते पूर्ण भाराला लावायचे नसतात.

आवळायचा अंदाज, ८.८ च्या कोरड्या, जाड आट्याच्या बोल्टला: एम६ ला १० न्यूटन-मीटर, एम८ ला २५, एम१० ला ५०, एम१२ ला ८५, एम१६ ला २१० च्या आसपास. तेल लावलं असेल तर कमी. मशिनच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच पाळा.

ब्लोअरसाठी एक वेगळी गोष्ट. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद जस्ताला आणि लोखंडाला खातं: द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. त्यात पावसाळ्यातली ओल. झिंक मारलेला बोल्ट फवारणीच्या भागात फार टिकत नाही. तिथे स्टेनलेस लावा, डोक्यावर ए२-७० लिहिलेला. ए२ म्हणजे ३०४ घराणं, ७० म्हणजे ७०० मेगापास्कल. ताकदीत तो ८.८ पेक्षा कमी आहे, म्हणून फॅनच्या हबला किंवा पीटीओच्या (ट्रॅक्टरमधून यंत्राला फिरकी देणाऱ्या शाफ्टच्या) बाजूला तो पर्याय म्हणून घालू नका. चुंबक जरासा चिकटला म्हणून स्टेनलेस खोटा ठरत नाही. थंड घडवताना ३०४ थोडा चुंबकीय होतो. आणि स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट सुका, गनने पळवलात तर आटे एकमेकांत वेल्ड झाल्यासारखे धरतात, पुढे कापूनच काढावे लागतात. अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, हाताने सावकाश फिरवा. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) बोल्टचे नट जरा मोठे आटे मारलेले असतात, कारण बोल्टवर जस्ताचा जाड थर असतो. ते नट साध्या बोल्टवर खुळखुळतात आणि साधे नट गॅल्व्हनाइज्डवर जातच नाहीत. यांची जोडी फोडू नका.

भोकातले आटे गेले असतील तर. ३/८ च्या गेलेल्या भोकात सरळ एम१० चा टॅप घालायचा, हा उपाय फार चालतो आणि फार वाईट आहे. एम१० ला ८.५ चं ड्रिल लागतं, जुन्या आट्यांचा तळ मात्र ९.५ पर्यंत गेलेला असतो. नवे आटे जुन्या खाचांवरून तिरके जातात आणि भरीव माल फारसा उरत नाही. एक पायरी वर जा: पुढच्या मापाचं ड्रिल जुन्या आट्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठं हवं. म्हणजे १/४ (६.३५ मिमी) गेलं तर एम८, ड्रिल ६.८. ५/१६ (७.९४) गेलं तर एम१०, ड्रिल ८.५. ३/८ (९.५३) गेलं तर एम१२, ड्रिल १०.२. १/२ (१२.७) ला मात्र एम१४ चं १२ चं ड्रिल पुरत नाही, थेट एम१६ ला १४ चं मारा. भोवती तेवढा माल नसेल तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. त्याचा टॅप वेगळा येतो, साधा टॅप चालत नाही.

डबा वेगळा करताना आधी जाडीने गट पाडा, मग प्रत्येक गटात पिचने, मग खुणेने. नट शेवटी, आणि प्रत्येक नट नमुन्याच्या बोल्टवर हाताने पूर्ण लांबीभर फिरवून. हाताने अख्खा जायला हवा आणि आडवा हलवल्यावर डुगडुगायला नको, या दोन्ही अटी एकत्र. कुठल्याच गटात न बसलेले, खूण नसलेले, मान बारीक झालेले म्हणजे ताणले गेलेले बोल्ट फवारणीच्या पाइपाचे क्लॅम्प असल्या किरकोळ कामाला ठेवा. स्टिअरिंग, ब्रेक, चाक, फॅनचा हब, पीटीओ शाफ्ट आणि उचलण्याच्या कुठल्याही गोष्टीला डब्यातला बोल्ट लावू नका, तिथे नवा, खुणेचा, नव्या नटासकट. नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नटही तिथे दुसऱ्यांदा वापरायचा नाही.

दुकानात जाताना जुना बोल्ट आणि जुना नट दोन्ही खिशात घ्या, आणि सूत न बोलता पूर्ण नाव सांगा: ‘एम१० × १.५, लांबी ४०, ८.८, फुल थ्रेड’, किंवा ‘अर्धा इंच यूएनसी, तेरा आटे, दोन इंच, तीन रेघांचा’. लांबी षट्कोनी बोल्टची डोक्याखालून मोजतात, काउंटरसंकची डोक्यासकट. काउंटरवरच नवा नट जुन्या बोल्टवर आणि जुना नट नव्या बोल्टवर फिरवून बघा, पैसे त्यानंतर द्या.